खरबडे सरांचं रीडिंग

खरबडे सरांनी आयुष्यात मेंदू जेवढे पाहिले, त्याहून शाली जास्त पांघरल्या असतील. न्यूरोरेडिओलॉजीचे विभागप्रमुख ना ते! नागपुरात कुठेही फीत कापायची असली की स्वारी हजर. डॉक्टर मयुरा गजभियेला या गोष्टीचं हसू येणं मात्र केव्हाच बंद झालं होतं. ती त्यांच्या हाताखाली फेलोशिप करत होती. चांगली चालती नोकरी सोडून हुडकेश्वरहून रोज स्कूटीवर यायची, ती मेंदूचा एमआरआय बारकाईनं वाचायला शिकायला. ते वाचन नुसत्या पुस्तकातून येत नाही. जाणत्यानं शेजारी बसून, पडद्यावर बोट ठेवून दाखवावं लागतं. नेमकं तेवढंच होत नव्हतं.

रोज सकाळी विभागात 'रीडिंग' व्हायचं म्हणे! कसलं रीडिंग अन् कसलं काय! तर्रीपोहे यायचे, पडद्यावर कुणा बिचाऱ्याचा मेंदू उघडा पडलेला असायचा, आणि सर तर्री ओरपत सांगायचे, व्हिएन्नाच्या परिषदेत आपण कुणाची कशी बोलती बंद केली ते. पोहे संपले की रीडिंग संपलं. मग मयुराच्या रिपोर्टांवर न बघता सह्या ठोकायच्या आणि पसार व्हायचं.

घरी आई, प्रेमिलाबाई, विचारायची, "काहून वं, आज तरी शिकवलं का त्याईनं?"

"पोहे चांगले होते," मयुरा चप्पल भिरकावत म्हणायची.

एकदा नंदनवन वस्तीतल्या एका बाईच्या स्कॅनमध्ये तिला मेंदूतल्या धमनीच्या तोंडाशी बारीकसा फुगवटा दिसला. असा फुगवटा दोन तऱ्हेचा असतो. एक जन्मापासूनचा, निरुपद्रवी. दुसरा कधी फुटेल आणि माणसाला आडवं करेल, नेम नाही. इतका बारीक असला की नवख्या डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. मयुरानं सरांना दारातच गाठलं.

"सर, यातला कोणता, हे ओळखायचं कसं?"

सर सत्काराला निघाले होते. "लिहून टाक, लक्षणांशी ताडून पाहावे. पुढचं सर्जन बघून घेईल."

त्या बाईला मग जांघेतून नळी घालून तपासणी करावी लागली. घातक काही निघालं नाही, हे तिचं नशीब. मयुराचा प्रश्न मात्र तसाच राहिला. तिनं तो पुन्हा विचारला, तेव्हा सर म्हणाले, "अनुभवानं येतं ते." कुणाच्या अनुभवानं, देव जाणे.

फेलोशिप संपत आली आणि सरांचं डोकं दुखायला लागलं. गोळ्या झाल्या, चष्म्याचा नंबर बदलून झाला. शेवटी सर आपल्याच विभागातल्या मशीनमध्ये आडवे झाले. दुसऱ्या दिवशी रीडिंगला त्यांनी बाकी सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि मयुराच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा! पोह्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पडद्यावर सरांचा मेंदू होता. धमनीच्या तोंडाशी तसाच बारीक फुगवटा होता.

सरांनी चष्मा वर केला, खाली केला, पडद्याला नाक लावलं. वर्षानुवर्षं नुसत्या सह्या केल्यावर दुसरं काय होणार?

"मयुरा, नीट बघ. काय दिसते?"

"फुगवटा आहे, सर."

"ते मलेही दिसून राहिलं गा!" सभांमधली मराठी भीतीनं पार पळून गेली होती. बाईमाणसाला आपण 'गा' म्हटलं, याचंही भान नव्हतं. "कोणता आहे, ते सांग."

मयुरानं ती धमनी पडद्यावर सगळीकडून फिरवून पाहिली, मोठी करून पाहिली. खोटं सांगून या माणसाला घाम फोडावा, असं क्षणभर तिच्या मनात आलंही. पण खरं काय, तेच तिला कळत नव्हतं, आणि त्याचाच तिला भयंकर संताप आला.

"नक्की नाही सांगता येत, सर."

"अगं, असं कसं?" सरांचा आवाज चिरकला. "तू न्यूरोची फेलोशिप केली ना माझ्याकडे!"

"हो, सर," मयुरा म्हणाली. "तुमच्याकडेच केली."