कोरी नोंद

वेबसाइटी बनवणाऱ्या त्या छोट्या ऑफिसात तिला सगळे चौकशीताई म्हणत. दारात आलेल्या कुरियरवाल्यालाही ती उलटसुलट विचारल्याशिवाय आत घेत नसे.

सर्व्हरची जबाबदारी तिच्याकडे होती. तिथे कोणी कुठली कमांड, म्हणजे संगणकाला दिलेला हुकूम, टाइप केली, याची नोंद आपोआप राहते. नव्याने आलेल्या सहकाऱ्याची नोंद मात्र रोज कोरी दिसायची. पुसतोय म्हणजे काहीतरी लपवतोय! तिच्या मनात पाल चुकचुकली. ती त्याच्या खुर्चीमागून उगाच फेऱ्या मारू लागली, तर तो झटकन स्क्रीनवरची खिडकी बंद करी. मग तिने पासवर्ड बदलले, बॅकअप पुन्हा पुन्हा तपासले. हाती काहीच लागेना.

शेवटी तिने त्याला गाठलंच. "नोंद का पुसतोस रे?"

त्याचा चेहरा पडला. "ताई, हसणार नाही ना? माझी स्पेलिंगं फार चुकतात. एक कमांड धड उमटेपर्यंत जीव जातो. जुन्या ऑफिसात माझ्या चुकांचे फोटो काढून सगळ्यांना पाठवायचे."

चौकशीताई ओशाळली. खुर्ची ओढून ती त्याच्याजवळ बसली आणि लांबलचक कमांडना दोनअक्षरी टोपणनावं कशी द्यायची, ते तिने त्याला शिकवलं. मग नुसतं टोपणनाव टाइप केलं की काम होतं. तो हरखून गेला.

आता त्याची नोंद भरलेली असते. चौकशीताई ती अजूनही गुपचूप वाचते. फक्त त्याला कळू देत नाही.