कस्तुराबाईची पाकोळी

आमची कस्तुराबाई बोलायला कमी आन् करायला लई. तिनं एकदा नको म्हटलं, की नवऱ्यानं किती बी आदळआपट केली तरी उपेग न्हाय.

गेल्या दिवाळीनंतर म्या बांधावरच्या साऱ्या बोरी तोडल्या. ट्रॅक्टर वळायला अडचण व्हायची. त्या फांद्यांचं कुंपण घालताना हिला पाकोळीचा एक कोशेटा लटकलेला दिसला, लिंबाएवढा, टणक. म्या म्हटलं, "आण इकडं. ह्याची वादी कापून विळ्याची ढिली मूठ आवळतो. आमचे वडील असंच करायचे."

"हात लावू नका. घर तुमीच मोडलंय तिचं."

झालं! फांदीसकट कोशेटा न्हाणीच्या वळचणीला. चुलीजवळ नको, उबेनं अवेळी फुटंल, म्हणायची. माहेरी बोरीखाली शेरडं राखीत वाढलेली, तिला ठावं. उन्हाळाभर त्यावर पाण्याचा हबका. मी चिडवायचो, "पावण्याला चहा बी दे की!"

मिरगात एका सांजंला कोशेटा वरनं ओला झाला आन् पाकोळी बाहेर आली. तळहाताएवढी, पिवळीधमक. म्या लगबगीनं गुळाचं पाणी ठेवलं.

"तिला खायला तोंडच न्हाय," ही म्हणाली. "आठ दिसांचं आयुष्य. नर आला तर पिल्लं, न्हायतर संपलं."

दोन दिस कुणी येईना. मला भाकर गोड लागंना. नर येणार कुठनं? बोरी तर म्याच तोडल्या!

तिसऱ्या दिशी उजाडता बघतो, तर फांदीवर दोन! तांबूस नर बिलगून बसलेला. म्या आपसूक हात जोडले.

"शांताक्काच्या बोरीवरनं आला असंल," कस्तुराबाई डोळं पुसत म्हणाली.

शिवारात तेवढीच बोर उरलेली. तिची सावली माझ्या कांद्यावर पडती म्हणून शांताक्काशी तीन वर्सं बोलत न्हवतो. आता अंड्यांतनं अळ्या निघाल्या की खायला पाला बी तिथलाच लागणार.

दुसऱ्या दिशी तिच्याकडं गेलो. म्हातारी दारातच धान्य निवडत बसलेली.

"शांताक्का, तुमी बोर तोडली न्हाय... लई उपकार झाले."

"महारुद्रा, तू येशील म्हणून कस्तुरा कालच सांगून गेली. पाला रोज ने. आदी चहा घे."

घरी आलो. हिनं विळा पुढं केला. मूठ जरा बी हलंना. रिकाम्या कोशेट्याची वादी कापून तिनं घट्ट आवळली होती.

"पाला जपून काढा," म्हणाली, "फांदी तोडू नका."