डोंग्याचं तोंड माहेराकडे

चामोर्शीच्या बाजारात आज डिझेल इंजिनचा वास आला आणि मी पुन्हा वैनगंगेवरच्या इंजिनाच्या डोंग्यात जाऊन बसले. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी निघाले होते. शेजारी सासूबाई, पण माझं लक्ष सगळं मागे सुकाणू धरून बसलेल्या नावाड्याकडे. शेवटी विचारलंच, "भाऊ, मले धरू द्या ना!"

"धर बाई. पलीकडच्या काठावरचं ते मोहाचं झाड दिसून राह्यलं ना, त्याच्यावर नजर ठेव."

सुकाणूचा दांडा हातात थरथरत होता. मोह उजवीकडे सरकला, म्हणून मी दांडाही उजवीकडे ढकलला. डोंगा डावीकडे वळत वळत थेट माहेराकडे तोंड करून बसला.

"अवं, सूनबाई तं वापस चालली!" सासूबाई पदरात हसल्या.

दांड्याच्या उलट डोंगा वळतो, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. मी मुद्दाम वळवला नाही, हे सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. आता मलाही पटत नाही.