देवापासून झाकलेला कॉम्प्युटर

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी भिलाईजवळच्या आमच्या रसमड्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यात मशीनला कोणी कामाला लावत नाही. आदल्या संध्याकाळी लेथ पुसून घेतात, ड्रिलला तेल देतात, क्रेनच्या हुकाला झेंडूची माळ घालतात. मग आमचा छत्तीसगढी मिस्त्री मेन स्विच खाली ओढतो आणि मशिनींना म्हणतो, "जा, अब सुत जा." म्हणजे झोपा आता.

आमच्या शेडमध्ये मात्र एक जण वर्षानुवर्षं जागाच असायचा. माझ्या केबिनमधला कॉम्प्युटर. त्याची लाइन वेगळी, खाली बॅटरी वेगळी. पूजेच्या दिवशी त्याच्या अंगावर लाल कापड टाकलेलं असायचं. पाहुण्यांना वाटे, मानाचं कापड आहे. खरी गोष्ट अशी होती की तो चालू आहे हे देवाला दिसू नये म्हणून आम्ही त्याला झाकत होतो.

आमचं काम लोखंडाच्या जाड प्लेटा कापण्याचं. ज्वाळेनं. ज्वाळेनं कुठं वळायचं, कुठं गोल फिरायचं, हे तो कॉम्प्युटर सांगे. तो फार जुना होता. चालू केला की पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळं आभाळ दिसे. पूर्वी बँकेत, स्टेशनात, सगळीकडेच ती टेकडी दिसायची, नंतर फक्त आमच्याकडे उरली. एकदा वीज पडून तो बंद झाला आणि परत उठायला त्यानं अर्धा दिवस घेतला. तेव्हापासून मालकांचा हुकूम होता, याला बंद करायचंच नाही. मालकांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. मूळचे भंडाऱ्याकडचे, पण जन्म भिलाईतलाच.

मी वाशीमकडची. नववीत असताना शाळा सुटली. त्याची मोठी कथा नाही, आमच्या गल्लीत बऱ्याच जणींची सुटली. मावशीनं मला इकडं भिलाईत, सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये आणलं. मावसाजी स्टील प्लांटमध्ये होते आणि भाऊंच्या ओळखीचे होते. भाऊंना फोन उचलायला कोणी हवं होतं. मी फोन उचलायला गेले आणि कॉम्प्युटर चालवणारा रायपूरला निघून गेला तेव्हा त्याच्या खुर्चीत बसले. जाता जाता त्यानं मला जे दाखवलं तेवढंच मला येत होतं. इंग्रजी मला वाचता येत नव्हतं. जागा पाठ होत्या. कोपऱ्यातला पिवळा चौकोन, मग बाणाचं चित्र, मग काचेतून मिस्त्रीला हात करायचा. मिस्त्री ज्वाळा पेटवी आणि प्लेट कापली जाई. पहिल्या दिवशी तर मला वाटलं, हे मीच केलं का!

घरापासून इतक्या दूर कोणी आपल्याला खुर्ची देतं, टेबल देतं, उन्हाळ्यात पंखा आपल्याकडे फिरवतं, याचे उपकार मी विसरले नाही. पण त्याच्यासोबत एक भीतीही बसली. मला हाच कॉम्प्युटर येतो, दुसरा नाही. हा आहे तोवर मी आहे.

त्यामुळे दुर्गहून दुरुस्तीला कॉम्प्युटरवाला आला की मी खुर्ची धरून बसे. तो माणूस वाईट नव्हता. येताना माझ्यासाठी पेढे आणायचा. पण त्याचं बोलणं ठरलेलं, "भाऊ, इसको अब बनाने वाले भी नहीं पूछते. अपडेट आना कब का बंद हो गया. बदल डालो."

भाऊ म्हणत, "देखते हैं, दिवाली के बाद."

दिवाळी झाली की, "मार्च निकल जाने दो." मार्च गेला की, "बरसात में कौन खोलेगा?" प्रत्येक वेळी मी मनातल्या मनात हात जोडी.

मावशी म्हणे, "तुया मालक कंजूस दिसते."

कंजूस ते नव्हते. क्रेनची मोटर कुरकुरली तर दुसऱ्या दिवशी नवी येई. कॉम्प्युटरचीच गोष्ट तेवढी पुढं ढकलली जाई. कावून, ते मला कळत नव्हतं, आणि विचारायची हिंमतही नव्हती.

याची किंमत एकच होती. मला लांब सुट्टीवर जाता येत नव्हतं. लाइट गेली की बॅटरीच्या भरवशावर त्याला किती वेळ सोडायचं, जनरेटर कधी लावायचा, हे मी पाही. दुसऱ्यानंही पाहिलं असतं, पण मी कोणाला हात लावू देत नसे. गावी जायची ती एका रविवारापुरती, जाणं-येणं धरून. आई फोनवर म्हणायची, "त्या डब्याले कडेवर घेऊनच ये ना इकडं. मी त्याले बी जेवाले वाढतो."

मग एका पूजेला भाऊंची आई आली. ती बरीच वर्षं नागपूरला मुलीकडे असायची, म्हणून आमचं हे लाल कापड तिनं कधी पाहिलं नव्हतं. पांढरं पातळ, हातात कुंकवाची वाटी. प्रत्येक मशीनला बोट लावत, प्रत्येकाशी बोलत ती चालली होती. लेथला म्हणाली, "लय राबला बाप्पा." आमच्या घरी पूजा नसते, त्यामुळे आरतीच्या ताटापासून मी लांबच; त्या दिवशी माझ्याकडे फक्त पुसायचं फडकं आणि बुंदीचे पुडे. मी केबिनमध्ये चिकट हातांनी पुडे बांधत होते. भाऊंची आई आत आली आणि कुंकू लावायला तिनं कापड उचललं.

आतून पंख्याची घरघर. बटणावर हिरवा दिवा.

"का वं पोरी, हा तं जागाच आहे?"

"हो आई. याले बंद नाही करत."

"कावून?"

"बंद केला तं उठत नाही."

तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. गरम होता तो. "वर्षातून एक दिवस लेथले सुट्टी, डिरिलले सुट्टी, आन या गरिबाले तुमी झाकून ठेवून राबवून राहिले? देवापासून लपवून? आपल्याले कोणी असं केलं असतं तं?"

तिनं अंगठा कुंकवात बुडवला, हिरव्या दिव्यावर टेकवला आणि कपाळाला टिळा लावताना दाबतो तसा दाबून धरला. "झोप रे राजा," ती म्हणाली.

घरघर थांबली. मी त्या केबिनमध्ये बसायला लागल्यापासून तिथं इतकं शांत कधी झालं नव्हतं.

मी हाक मारली तसे भाऊ धावत आले. त्यांनी पडदा पाहिला, बटणावरचं कुंकू पाहिलं, आईकडे पाहिलं. ती इतकी समाधानानं उभी होती की ते एवढंच म्हणाले, "आई, चाल, प्रसाद घे." आणि मला, "सकाळी पाहू."

सकाळी काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली आणि तिथंच थांबली. हिरवी टेकडी नाही, पिवळा चौकोन नाही. त्या ओळींत काय लिहिलं होतं ते मला वाचता येत नव्हतं. मिस्त्री दारात आला.

"का होगे नोनी?" तो मला नोनीच म्हणतो, पोरगी म्हणून.

"उठत नाही काका."

"मोर घरवाली घलो त्योहार के दूसर दिन नइ उठय," तो म्हणाला. सणाच्या दुसऱ्या दिवशी त्याची बायकोही उठत नाही म्हणे; मला हसवायला बघत होता. पण त्याचं लक्ष बाहेर होतं. अहिवारा गावच्या एका शेडच्या खांबांखाली बसवायच्या बेस प्लेटा कापायच्या होत्या आणि त्यांची गाडी त्याच दिवशी यायची होती. मी नळावर जाऊन तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. मावशीला काय सांगायचं, गावी आईला काय सांगायचं, याची वाक्यं मी तिथंच जुळवून ठेवली.

कॉम्प्युटरवाला आला, त्यानं झाकण उघडलं आणि बटणासारखा एक छोटा सेल काढून दाखवला. तो कधीचाच मेला होता. कॉम्प्युटर सतत चालू होता म्हणून कोणाला कळलं नव्हतं. बंद होताच तो आपली तारीख विसरला आणि आपलं सामान कुठं ठेवलंय तेही विसरला. नवा सेल बसला, कॉम्प्युटरवाल्यानं त्याला सगळं परत सांगितलं, आणि टेकडी उगवली. बटणावर कुंकू तसंच होतं.

मिस्त्रीनं ज्वाळा पेटवली. गाडी थोडी थांबली, पण रिकामी गेली नाही.

जायच्या आधी कॉम्प्युटरवाल्यानं डब्याला कान लावला. "डिस्क आवाज कर रही है, भाऊ. मैंने सब उतार के रख लिया है. आज उठ गया. अगली बार का मैं नहीं बोलता." या वेळी भाऊ 'दिवाली के बाद' म्हणाले नाहीत. त्याला गेटपर्यंत सोडून आले आणि माझ्या केबिनमधल्या स्टुलावर बसले.

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "भाऊ, नवा आला तं मी काय करू?"

"काय करू म्हणजे? तू का याच्यासंगं भंगारात जाशील?"

मी हसले नाही. तेव्हा ते नीट बोलायला लागले.

"हे पाय पोरी. लोकं मले कंजूस म्हनतात, मले माहीत आहे. मशीन ज्या कार्डानं चालते ते याच्या पोटात बसून आहे. बनवनारी कंपनी उठून गेली. नव्या डब्यात ते कार्ड जातच नाही. म्हंजे डबा बदलला का मशीनचा सगळा मेंदू बदला. तेवढे दिवस शेड बंद. गिऱ्हाईक का थांबते? आन नवीन आलं आन चाललंच नाही तं? हा म्हातारा आहे, पन याचे नखरे मले ठाऊक आहेत. नव्याचे कोनाले विचारू?"

मग बटणावरच्या कुंकवाकडे बघत म्हणाले, "आन खरं सांगू का? तो दुर्गवाला आला का तुया तोंडाचा रंग उडे. एवढी दुरून आलेली पोरगी. नवीन जमलं नाही तं भेवून घरी पळून जाईल, असं वाटे. मंग मी म्हनो, जाऊ दे, पुढच्या महिन्यात पाहू."

इतके दिवस मी ज्या तारखेला घाबरत होते, ती तारीख ते माझ्याकडे बघून पुढं ढकलत होते. मी त्यांच्यापुढं बुंदीचा उरलेला पुडा सरकवला. त्यांनी मूठभर खाल्ली आणि म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत बसवून टाकू."

आणि बसवला. मशीनचा मेंदूही बदलला. माझी पहिली प्लेट भंगारातल्या तुकड्यावर होती. मी छिद्र काढलं ते प्लेटच्या बाहेरच. ज्वाळा मोकळ्या हवेत गोल फिरून आली. मिस्त्री हात जोडून म्हणाला, "नोनी, हवा में तको छेदा कर देस!" सगळी शेड हसली. मीही हसले, नंतर.

पण एक गोष्ट मी धरून चालले नव्हते. कॉम्प्युटरवाल्यानं विचारलं, "दीदी, हिंदी में कर दूँ?" आणि पडद्यावरची अक्षरं बदलली. काटें. रोकें. सहेजें, म्हणजे जपून ठेवा. आजवर मला जागा पाठ होत्या, आता मी वाचत होते. एखादा चौकोन हलून दुसरीकडे गेला तरी त्याचं नाव त्याच्यासोबत जात होतं. नववीपर्यंतचं वाचणं पुरलं.

मात्र जे मी वाचू शकत होते ते मिस्त्रीही वाचू शकत होता. तो माझ्या खुर्चीमागं उभा राहून एकेक शब्द मोठ्यानं म्हणे. पहिले काही दिवस मला तीच जुनी भीती वाटली. यालाही जमलं तर मग मी कशाला? मग एकदा आईचा फोन आला, तिनं डब्याला जेवायला बोलवायचा तोच विनोद केला, आणि मी फोन ठेवून मिस्त्रीला म्हटलं, "काका, बसा खुर्चीत. शिकवते."

"मैं?" त्यानं हात पँटला पुसले. बोटं इतकी जाड की माउसवर दोन्ही बटणं एकदम दाबली जात. पण शिकला. खुर्ची माझीच राहिली. भाऊंनी मला उलट नवीन आकार मांडायचं काम दिलं, जे जुन्यावर कोणालाच जमत नव्हतं.

पुढच्या पूजेला भाऊंची आई पुन्हा आली, कुंकवाची वाटी घेऊन. तिच्यासमोर मी 'शट डाउन' वाचलं, दाबलं, आणि दिवा विझेपर्यंत तिथंच उभी राहिले.

"झोपला?"

"झोपला, आई."

जुना कोपऱ्यात होता. प्लेटांच्या जुन्या आकृत्या लागल्या तर असावा म्हणून ठेवलेला, बंद, अंगावर लाल कापड. आता ते खरंच मानाचं होतं. तिनं त्यालाही कुंकू लावलं.

त्याच दुपारी मी दुर्गहून गाडी धरली. भिलाईत आल्यापासूनची पहिली मोठी सुट्टी. घरी आईनं झुणका केला होता. मी जेवायला बसले तरी फोन ताटाशेजारीच. तो वाजत नव्हता, तर त्याचीही काळजी. दुसऱ्या दिवशी जेवतानाच वाजला. मिस्त्री होता.

"नोनी, ये ह कुछ पूछत हे. नवा सिस्टम आ गे हे, कथे. अभी डालंव के बाद में?"

म्हणजे कॉम्प्युटर विचारत होता, नवं अपडेट आता टाकू की नंतर. मागून भाऊंचा आवाज आला, "तिलेच विचार. आपन हात नको लावू."

मी विचारलं, "काका, मशीन चालू आहे का? काय कापून राहिले?"

"बेस प्लेट. बढ़िया चलत हे."

बेडवर प्लेट, ज्वाळा पेटलेली, गाडी यायची असणार. सगळं नीट चाललंय. त्याला आता कोण हात लावेल?

"'बाद में' लिहिलंय तिथं दाबा."

"मैं घलो ओही सोचत रहेंव," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

"काय झालं वं?" आईनं विचारलं. "बलावते का तुले?"

"नाही," मी म्हटलं. "मी आल्यावर पाहू म्हटलं. वाढ अजून."