पाचव्या फ्रिजचा दरवाजा

वंदनाताई दोन नंबरच्या फ्रिजमधून रक्ताच्या पिशव्या काढून ट्रेत ठेवत होत्या आणि प्रत्येकीवर लाल पेनने ‘बाद’ लिहीत होत्या. मी दारात उभा. आत जायचं धाडस होत नव्हतं, आणि रक्तपेढीच्या डॉक्टरांनीच बोलावल्यामुळे पळताही येत नव्हतं.

सोमवारची सकाळ होती, महाल भागातली एक छोटी रक्तपेढी. रविवारी केव्हातरी या फ्रिजचा कॉम्प्रेसर बसला. रक्त दोन ते सहा अंशांत ठेवावं लागतं. आत चौदा झाले होते. जुन्या फ्रिजांचे भोंगे कधीचेच मुके, म्हणून मोबाइलवर एसएमएस यायला हवा होता. आला नाही. तो पाठवणारा प्रोग्राम वंदनाताईंनी लिहिला होता. तपासून दिला होता मी.

सीताबर्डीत मोबाइल कव्हरच्या दुकानाच्या वर माझा कॉम्प्युटर क्लास आहे. बोर्डावर ‘एक्सपर्ट’ असं लिहिलंय. बोर्ड मीच रंगवून घेतला. वंदनाताई या रक्तपेढीत कंत्राटी टेक्निशियन; पायथॉन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकायला माझ्याकडे यायच्या. वडील उमरेडचे विणकर, साडीच्या काठाची नक्षी ते आधी चौकोनी कागदावर काढत. ताई प्रोग्रामही तसाच लिहीत. आलेखाचा कागद, एका चौकोनात एक अक्षर. मी वर्गात त्यावर विनोद करायचो. लोक हसायचे, ताईसुद्धा.

पायथॉनमध्ये ओळीच्या डावीकडे सोडलेल्या मोकळ्या जागेला अर्थ असतो. कुठली ओळ कुठल्या ओळीच्या हाताखाली, हे त्या जागेवरून ठरतं. ताईंचा प्रोग्राम साधा होता. पाच फ्रिज एकेक करून घे. प्रत्येकाचं तापमान वाच. सहाच्या वर असेल तर एसएमएस पाठव. ‘वाच’ आणि ‘सहाच्या वर असेल तर’, या दोन्ही ओळी सारख्याच आत हव्यात. तरच त्या पाचही वेळा चालतात.

ताईंनी अर्धा प्रोग्राम रक्तपेढीत टॅबचं बटण दाबून टाइप केला, अर्धा घरी स्पेस मोजून. डोळ्यांना दोन्ही सारखं दिसतं, कॉम्प्युटरला नाही. तो लाल एरर दाखवून बसला.

"आणा इकडे, दोन मिनिटांचं काम," मी म्हणालो. समोर तर्री पोह्यांची प्लेट होती. खाली ताईंचा कागद आहे, हे न बघताच मी ती ठेवली होती. सगळ्या ओळी डावीकडे ढकलल्या आणि अंदाजाने पुन्हा आत घेतल्या. एरर गेला.

"सर, ही ‘सहाच्या वर’वाली ओळ तुम्ही पार बाहेर काढून राहिले," ताई म्हणाल्या. "माह्या कागदावर ती चार घरं आत आहे."

"ताई, चालून राहिला ना प्रोग्राम? मंग कागद कशाले पाह्यता?"

चाचणी रक्तपेढीत घेतली. दाराजवळचा फ्रिज उघडून ठेवला. तापमान चढलं, डॉक्टरांच्या मोबाइलवर टिंग वाजलं. मी कॉलर ताठ केली. वर सल्लाही दिला: दर चार तासांनी तापमान लिहायचं ते रजिस्टर आता बंद करा. त्यांनी केलं.

दाराजवळचा फ्रिज पाच नंबरचा, म्हणजे यादीतला शेवटचा. बाहेर काढलेली ओळ सगळे फ्रिज वाचून झाल्यावर एकदाच चालते, शेवटच्या तापमानावर. बाकीचे चार माझ्या कृपेने वाऱ्यावर होते.

डॉक्टरांच्या केबिनमध्ये ताईंच्या नावाचा मेमो टाइप होऊन पडला होता. रविवारी ड्यूटी ताईंची होती. महिनाअखेरीला त्यांचं कंत्राट पुन्हा व्हायचं. मेमो असला की होत नाही.

"मास्तर, एवढंच लिहून द्या," डॉक्टर म्हणाले. "प्रोग्राम कोणाचा?"

वंदनाताईंचा. हे खोटंही नव्हतं. मी पेन उघडलं.

ताई दारात आल्या. "सर, तो कागद आहे का तुमच्यापाशी?"

सकाळी निघतानाच तो मी बॅगेत घातला होता. दाखवायला की लपवायला, ते ठरलं नव्हतं. "पाहावं लागन," मी म्हणालो.

ताई ट्रेकडे परत गेल्या; केबिनच्या उघड्या दारातून मला दिसत होत्या. एका पिशवीवर नावाची चिठ्ठी होती, सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या एका मुलीची. तिला त्याच सकाळी रक्त चढवायचं होतं. ताईंनी चिठ्ठी सोडवली, घडी घालून खिशात ठेवली आणि पिशवीवर ‘बाद’ लिहिलं.

मी कागद काढला. त्यावर तर्रीचा गोल डाग होता. डागाच्या आत ती ओळ स्पष्ट दिसत होती, चार घरं आत.

"हे बरोबर आहे," मी म्हणालो. "मी बिघडवलं. आणि ताईंनी तेव्हाच टोकलं होतं."

डॉक्टरांनी कागद हातात घेऊन ती ओळ बोटाने मोजली. "अन् रजिस्टर बंद करा म्हणणारेही तुम्हीच," एवढंच बोलले आणि मेमो फाडला.

ताईंचं कंत्राट झालं. माझं तिथलं काम गेलं, ते जायलाच हवं होतं. मुलीला दुसऱ्या दवाखान्यात संध्याकाळी रक्त मिळालं. तोवर तिला आयसीयूत हलवलं होतं. पुढचं विचारायला मी फोन हातात घेतला होता. लावला नाही.

ताई क्लासला पुन्हा आल्या नाहीत. रजिस्टर पुन्हा सुरू झालंय.

एरर जाणं आणि चूक जाणं यांत फरक आहे, हे मी आता पहिल्याच दिवशी शिकवतो. आणि चाचणी घ्यायला गेलो की सगळ्यात लांबच्या दरवाजापासून सुरू करतो.