सहा पराती, सहा अडण्या

ॲरिझोनातल्या चँडलरच्या देवदत्तकाका आठल्यांनी उभी हयात चिप बनवणाऱ्या कारखान्यात धुळीचे कण शोधण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर शोधायला काही उरलं नाही, तेव्हा ते वस्तू निवडू लागले. टोस्टर घ्यायचं ठरलं, तर घरातला पाव बुरसून जाई, पण टोस्टर काही येत नसे. माणूस लाखात एक, पण त्याच्याबरोबर दुकानात जाण्याची शिक्षा शत्रूलाही होऊ नये.

अशा माणसाच्या बायकोला नागीण झाली. अंगावरचं पुरळ गेलं, पण दुखणं पाठीत ठाण मांडून बसलं. शुभाकाकूंना पाठीला सुती कापडही सहन होईना आणि डोळ्याला डोळा लागेना. गोळ्यांनी नुसती गुंगी यायची. त्यात त्यांची सक्त ताकीद होती की तिथल्या मराठी मंडळात कुणाला हे कळता कामा नये.

"एकदा कळलं की प्रत्येक जण वेगळं औषध घेऊन उगवेल," काकू म्हणाल्या. "मला नको ती जत्रा."

सिएटलहून मुलगी रुचा फोनवर म्हणाली, "मॉम, जस्ट ट्राय अ गमी. दुकानात मिळतात. इट्स लीगल देअर!"

"गांजाची गोळी?" काकू कण्हत म्हणाल्या. "दुकानातल्यात काय काय घातलंय, कोण बघायला गेलंय? मी कधी बाहेरचं लोणचं खाल्लं नाही. घरचं असेल तर बघू."

त्या वैतागून बोलल्या होत्या, पण काकांनी ते उचलून धरलं. ॲरिझोनात माणशी सहा झाडं घरात लावायला परवानगी आहे, हे त्यांनी तासाभरात शोधून काढलं. बायकोने काहीतरी मागितलं होतं आणि ते त्यांना करता येण्यासारखं होतं. गॅरेजमागच्या खोलीत त्यांनी दिवे टांगले, दाराला कुलूप बसवलं, बिया मागवल्या आणि मग ते कुंडी निवडायला बसले. इथेच घात झाला.

प्लॅस्टिकच्या कुंडीत मुळं कडेकडेने गोल फिरतात आणि स्वतःलाच आवळतात. मातीची कुंडी जड, आणि दिलेलं पाणी आधी स्वतः पिऊन घेते. कापडी कुंडीत मुळांना हवा लागते, म्हणून कापडी ठरली. तोवर संक्रांत जाऊन होळी आली होती. पण कापडी कुंडी चहूबाजूंनी पाझरते. त्याच पाण्यात ती उभी राहिली तर मुळं कुजणार. म्हणजे खाली पाणी झेलायला तबक हवं आणि कुंडी पाण्याच्या वर उचलून धरायला मध्ये बैठक हवी. बाजारातली प्लॅस्टिकची बैठक ओल्या मातीच्या वजनाखाली मटकन बसली. तबक ओतायला उचललं, तर ते मधोमध वाकलं आणि सगळं पाणी काकांच्या स्लीपरमध्ये गेलं.

"अहो, बी कधी पेरणार?" वरून काकूंनी विचारलं.

"आधी निचरा!" काका खालून ओरडले.

खरं सांगायचं तर त्यांना वर जायची भीती वाटायची. उशीत तोंड खुपसून बसलेल्या शुभाकडे बघवत नसे. तिच्या पाठीवर हात फिरवायचीही सोय नव्हती. खालच्या खोलीत निदान सुटेल असा प्रश्न तरी होता. म्हणून ते खालीच राहत, आणि बायको वर एकटी.

एके दिवशी रागारागाने त्यांनी कुंडी उचलून घरातल्या तीन पायांच्या पितळी अडणीवर ठेवली आणि अडणी स्टीलच्या परातीत. पाणी घातलं. पाणी टपटप परातीत उतरलं, कुंडी वर कोरडी उभी. परातीला काठ, अडणीला ताकद. काकांना रडू यायचं बाकी होतं. ताट ठेवायची ही अडणी आजवर त्यांनी कपाटातली अडगळ समजली होती.

पण घरात परात एक आणि अडणीही एकच. अमेरिकेतल्या दुकानात अडणी मिळत नाही. मंडळातल्या प्रत्येकाच्या गॅरेजात मात्र बोटीने आलेलं देवाधर्माचं सामान पडलेलं असतं. काकांनी बिया रुजत घातल्या आणि मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, "शनिवारच्या आत सहा पराती, सहा मोठ्या अडण्या आणि सहा चौरंग हवेत. कारण कृपया विचारू नये." चौरंग एवढ्यासाठी की रोप बुटकं राहिलं, तर त्याला दिव्याजवळ उंच बसवता यावं.

मराठी माणसाला कारण विचारू नका म्हटलं, की तो ते स्वतः ठरवतो. दोन दिवसांत ढीगभर सामान आलं. देणारे सगळे गालातल्या गालात हसत होते. "देवदत्तकाका, आम्ही काहीही विचारणार नाही हं," असं म्हणत मंडळाच्या अध्यक्षा सीमा नाडगौडा यांनी तर चौरंगाबरोबर रांगोळीचा डबाही दिला. काकांना वाटलं, किती समजूतदार माणसं आहेत.

शनिवारी दुपारी बाहेर शिसं वितळेल असं ऊन होतं. काका खोलीचं दार उघडं टाकून पाणसळ लावून चौरंग समपातळीत आणत होते. एवढ्यात दारासमोर गाड्यांची रांग लागली. पैठण्या, नारळ, झब्बे, अहेराची पाकिटं. तीसएक माणसं घामाने निथळत आत शिरली. सीमाताई सरळ मागच्या खोलीत पोचल्या.

"रुचाचा साखरपुडा गुपचूप उरकताय होय? मुलगा कुठला, ते तरी..."

समोर सहा चौरंग, त्यांवर सहा पराती, त्यांत अडण्या, अडण्यांवर घागरीएवढ्या कापडी कुंड्या आणि प्रत्येक कुंडीत बोटभर उंचीचं दोन पानांचं रोप होतं. मागून कुणीतरी सवयीने हात जोडले.

"काका, हे कसलं रोप?" नागपूरच्या शंतनूने विचारलं. तो काकांच्याच जुन्या कारखान्यात नुकताच लागला होता.

"गांजा," काका म्हणाले. खोटं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

सीमाताईंनी आपल्या परातीकडे पाहिलं. लग्नातली होती, नाव घातलेली. "काका, माझ्या परातीत गांजा?"

"पाणी फक्त. गांजा कुंडीत आहे."

"आणि शुभाकाकू कुठायत? त्यांना हे चालतं?"

काकांनी हातातली पाणसळ चौरंगावर ठेवली. ताकीद आठवत होती, तरी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ती वर आहे. नागीण झालीय तिला. किती महिने झोपलेली नाही. मला काहीच करता येत नाही हो, म्हणून मी हे..."

कुणी औषध सुचवलं नाही. नारळ सांभाळत, पैठण्या आवरत सगळी वरात जिना चढली. काकू आधी भडकल्या, त्यांनी नवऱ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग एवढ्या उन्हात पैठणी नेसलेल्या सीमाताई बघून त्यांना हसू फुटलं. माणसं पलंगाच्या कडेला, गालिच्यावर, दारात, जागा मिळेल तिथे बसली. सीमाताईंनी आपल्या स्वयंपाकघराच्या रिमॉडेलिंगची कहाणी सुरू केली, कॉन्ट्रॅक्टरने सिंक चुकीच्या भिंतीला कसं लावलं वगैरे. काकू कुशीवर होऊन ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांचे डोळे मिटले आणि तोंड किंचित उघडं पडलं.

सीमाताई चपापून गप्प झाल्या. खोलीत शांतता पसरली, तशी काकूंच्या कपाळावर आठी आली आणि पापण्या हलल्या.

"थांबू नका!" काका दबक्या आवाजात म्हणाले. "अहो, कुणीतरी बोला!"

सीमाताई सिंककडे परतल्या. आठी विरली. सिंक संपलं तेव्हा त्यांच्या जावेचा विषय निघाला, मग कुणी ग्रीन कार्डाची रांग उचलली, कुणी सोसायटीने लॉनवरून पाठवलेली नोटीस. उठायचं नाव कुणी घेईना. काका पलंगापाशी जमिनीवर बसून बायकोच्या घोरण्याचा बारीक आवाज ऐकत होते. सगळ्यांचे विषय आटले, तेव्हा शंतनूने घसा खाकरला आणि आपल्या गाडीचा इन्शुरन्स समजावून सांगायला सुरुवात केली. डोळे पुसून काका त्याच्याकडे सरकले आणि म्हणाले, "सविस्तर सांग."