तो शेवट मी लिहिला होता

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि वासूला तर नाहीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही हे एका परीनं बरं — ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलत नाही. सगळा घोळ तिथंच आहे.

गोष्ट एका सिनेमाची. फारसा चालला नाही तो. मी कलकत्त्याला टॉलीगंजच्या एका स्टुडिओत हिंदी संवाद लिहून द्यायचो. बंगाल्यांमध्ये माझं हिंदी म्हणजे वासरांत लंगडी गाय शहाणी, एवढंच. पण पडद्यावर आपलं नाव यावं असं कुणाला वाटत नाही? मला फार वाटायचं.

वासू माझा मित्र. भवानीपूरला आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो, तो खालच्या. त्याची आई — माई — आणि मोठा भाऊ, दादा. लढाईच्या आधी दोघे भाऊ रंगूनला नोकरीला होते. जपानी चालून आले आणि पळापळ झाली तेव्हा हजारो लोकांबरोबर जंगलातून, डोंगर ओलांडत, पायीच निघाले. घरी पोचला तो एकटा दादा. वासू नदीत वाहून गेला म्हणाला. माईनं ऊर बडवून घेतला, दादानं दिवसकार्य केलं. आणि काही महिन्यांनी वासू दारात उभा! अंगावर मूठभर मांस नाही. माईनं सबंध गल्लीला संदेशाची मिठाई वाटली. काय झालं विचारलं की तो म्हणायचा, तापात होतो, काही आठवत नाही.

आठवत होतं — सगळं.

गार्डन रीचला त्याची कचेरी होती. एकदा संध्याकाळी मी तिकडे गेलो असताना घाटावर बसून त्यानं मला सांगितलं. नदीबिदी काही नव्हती. ताप चढला, पाय उचलेनात, चिखलात जळवा अंगाला डसलेल्या. दादानं दोन दिवस ओढत आणलं, मग एका झाडाखाली निजवलं. आपलं उपरणं काढून वासूच्या तोंडावर टाकलं — प्रेतावर टाकतात तसं — आणि चालू लागला.

"मी जागा होतो रे," वासू म्हणाला. "त्याच्या पायांचा आवाज ऐकत होतो."

डोंगरातल्या एका नागा बाईनं त्याला उचलून नेलं, भाताची पेज पाजून जगवलं. मग दादाला तू काहीच कसं बोलला नाहीस, मी विचारलं. तर म्हणाला, माईला एक मुलगा परत मिळालाय, दुसरा हिसकावून कशाला घेऊ? आणि मला माईच्या गळ्याची शपथ घातली.

शपथ मी किती पाळली? तीन-चार वर्षं. तेही गोष्ट विचारणारं कुणी भेटलं नाही म्हणून.

मग एका दुपारी दिग्दर्शकाला नवी कथा हवी होती आणि कुणाकडेच ती नव्हती. मी सांगायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत सगळे गप्प बसून माझं ऐकत होते — काय सुख असतं त्यात, कसं सांगू? भावांचे मी मित्र केले. लढाई काढून सोन्याच्या शोधात सरहद्दीवरच्या रानात निघालेली टोळी घातली. अस्वलसुद्धा घातलं, आत घामानं निथळणारा माणूस. पण उपरणं ठेवलं. उपरण्याखाली उघडलेले डोळेही ठेवले. आणि वासूनं दादाला जवळ केलं होतं, ते काही चित्रात शोभेना. म्हणून शेवट बदलला. माझा नायक रान तुडवत परत येतो, दगा देणाऱ्याला शोधून काढतो, आणि तो पुरात बुडत असताना काठावर हाताची घडी घालून बघत उभा राहतो. दिग्दर्शकानं माझी पाठ थोपटली.

आणि मी मूर्ख — खालच्या मजल्यावर मीच पास नेऊन दिले. वासूला कथेबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. त्याला कळेल, रागावेल, मग मी समजूत काढीन असा हिशेब. दादाचा मी विचारच केला नव्हता.

पडद्यावर उपरण्याखाली डोळे उघडले आणि दादा खुर्चीतून उठला. "जागा होता? जागा होता तो?" मोठ्यानं. मागचे लोक ओरडले, बसा म्हणून. माई शेजारीच होती. वासूनं माझ्याकडे पाहिलं नाही, खाली मान घालून बसला.

घरी आल्यावर दादानं माईसमोर सगळं कबूल केलं. रडला. माईही रडली, पण तिचा हात त्याच्या डोक्यावर होता. त्या घटकेला सगळं निभावलं असतं, असं मला अजून वाटतं. मग दादा माझ्याकडे वळला. "मी बुडताना बघत उभं राहायचं — हेही वासूच्याच मनातलं का?" त्यानं विचारलं.

माई माझ्याकडे बघत होती. या पोरानं आमचं घर चव्हाट्यावर मांडलं, असे तिचे डोळे. मला ते सहन होईना.

मी म्हणालो, "वासूनं सांगितलं तसं लिहिलं."

एवढंच. वासूनं मान वर केली. मी शब्द मागे घेईन म्हणून तो थांबला होता. मग माई त्याला म्हणाली, "इतकी वर्षं शेजारी बसून जेवलास, आणि पोटात हे?" त्यानं चपला घातल्या आणि तो बाहेर पडला.

पुढे दादानं नागपूरला बदली मागून घेतली. माई त्याच्याबरोबर गेली.

अजून एक राहिलंय. दोन-एक वर्षांनी नागपूरहून त्यांचे एक नातेवाईक माझ्याकडे आले. माईनं अंथरूण धरलं होतं. तिचा निरोप होता: 'तसं माझ्या मनात कधीच नव्हतं', एवढं वासूनं एकदा कळवावं, मी मानीन. वासूचा पत्ता त्यांच्यापाशी नव्हता. तुम्हाला ठाऊक असेल, म्हणाले.

मला ठाऊक होता. वासू बराकपूरला राहायचा, त्याची खोली मी पाहिली होती. पण निरोप पोचला तर तो उत्तर देणार, आणि मग माझं काय? मी म्हटलं, त्याची बदली झाली, कुठे ते माहीत नाही. त्यांना चहा पाजला आणि ट्राममध्ये बसवून दिलं.

माई त्याच थंडीत गेली. वासूला सांगायला मी स्वतः गेलो. त्यानं मला बसायला खुर्ची दिली, आपण खाटेवर बसला. मग विचारलं, "माईनं माझी आठवण काढली होती का रे?"

मी म्हटलं, मला काही कळलं नाही.